न भरणारी जखम : उतारवयातील शेतकऱ्याने अंगावर कोठे पाहावे

बाजारात बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, चारही खूर उचलून बघतो, खांद्यावरून हात फिरवितो आणि शिंगाच्या बुडाशी अंगठा दाबून पाहतो. शिंगाचा कर्करोग भारतीय बैलांत नवा नाही. बैल वारंवार मान झटकू लागला, डोके एका अंगास कलते धरू लागला, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळलेला स्राव येऊ लागला, की जाणता शेतकरी पशुवैद्यास गाठतो. खांदा आलेल्या बैलावर तो जू ठेवीत नाही. परंतु हाच शेतकरी साठी उलटली तरी स्वतःच्या पायाचा तळवा निरखून पाहत नाही, आणि कमरेला वीस वर्षे धोतराची गाठ जेथे बसते तेथील कातडी कशी झाली आहे हे त्यास ठाऊक नसते. जनावराच्या अंगावरील जी खूण त्याच्या नजरेतून सुटत नाही, ती स्वतःच्या अंगावर असता महिनोन्‌महिने सुटते. अशा सुटलेल्या खुणांपैकी काही त्वचेच्या कर्करोगाच्या असतात.

हा रोग आपल्या देशात फार नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा येथे अल्प आहे. त्वचेतील रंगद्रव्य सूर्यकिरणांपासून पुष्कळ संरक्षण देते. म्हणून उभे आयुष्य उन्हात राबूनही सावळ्या वर्णाच्या शेतकऱ्यास हा रोग क्वचितच होतो. ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीच्या लोकांत याचे प्रमाण जगात सर्वांत अधिक असून तेथील वयस्क पुरुषांस चेहरा, कान, मान व पाठ पाहण्यास सांगतात, ते योग्यच आहे. मात्र तिकडील पत्रके जशीच्या तशी उचलून येथे वाटण्यात अर्थ नाही. ती वाचून आपला शेतकरी भलतीकडेच पाहील. सावळ्या वर्णाच्या माणसात त्वचेचा कर्करोग बहुधा अशा जागी उद्भवतो की जेथे ऊन पोहोचतच नाही : जुन्या भाजल्याच्या वणात, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेत, सतत काचणाऱ्या कातडीत, तळव्यावर, नखाखाली. आणि नेमक्या याच जागा झाकलेल्या किंवा चिखलाने माखलेल्या असतात.

यास दोन अपवाद आहेत. ज्यांच्या अंगात जन्मतःच रंगद्रव्य नसते, केस व पापण्याही पांढऱ्या असतात, अशा व्यक्तींस उन्हाचा धोका खरोखरच मोठा असतो. त्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी अथवा मोठे मुंडासे यांवाचून शेतात उभे राहू नये आणि चेहरा, कान व मनगटे डॉक्टरांस नियमाने दाखवावीत. तसेच चेहऱ्यावर, विशेषतः नाकाच्या आसपास, मोत्यासारखी चकाकणारी बारीक गाठ येऊन ती मधोमध खचणे आणि पुनःपुन्हा खपली धरणे हा प्रकार सावळ्या माणसातही आढळतो. तो सावकाश वाढतो व लवकर काढल्यास बहुधा पूर्ण बरा होतो. कोड मात्र कर्करोग नव्हे व त्याची सुरुवातही नव्हे. कोड असलेल्यांनी या लेखावरून घाबरून जाऊ नये.

जुना वण

फ्रेंच शल्यवैद्य मार्जोलिन यांनी १८२८ साली जुन्या वणांत उठणाऱ्या व्रणांचे वर्णन केले; म्हणून जुन्या वणातील कर्करोगास त्यांच्या नावाने मार्जोलिनचा व्रण म्हणतात. हा रोग शेतकऱ्याच्या जीवनाशी जितका निगडित आहे तितका क्वचितच दुसरा असेल. लहानपणी चुलीत पडून भाजलेला पाय, गुऱ्हाळात उकळता रस अंगावर उडून पडलेला वण, मळणी यंत्रात सापडलेला हात, घोणस चावल्यावर मांस झडून कशीबशी भरलेली पोटरी, हाडापर्यंत जाऊन अधूनमधून वाहत राहणारी जखम, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यावरील व्रण, या सर्वांत पुढे कर्करोग उद्भवू शकतो. प्रत्येक वणात होतो असे मुळीच नाही. बहुसंख्य वण जन्मभर निरुपद्रवी राहतात. परंतु जो वण पूर्ण भरलाच नाही, जो दरवर्षी फुटतो व दरवर्षी खपली धरतो, त्याची भीती अधिक. सांध्यावरील वणाची कातडी ताणून पुनःपुन्हा फाटते, म्हणून गुडघ्यामागील व घोट्यावरील वणांकडे विशेष लक्ष द्यावे.

दुखापत आणि कर्करोग यांमध्ये सरासरी तीस वर्षे जातात. वयस्क पुरुषांनाच हे विशेषेकरून का सांगावयाचे, याचे उत्तर येथे आहे. दहाव्या वर्षी भाजलेला मुलगा चाळिशी-पन्नाशीस पोहोचतो तेव्हा त्या वणाची मुदत भरत येते, आणि तोवर ही जखम त्याच्या अंगवळणी पडलेली असते. घरात कोणी विचारलेच तर, “ती जुनीच आहे, तिला काय होतंय!” एवढेच उत्तर मिळते. जखम जुनी असते हे खरे. तीत झालेला बदल मात्र नवा असतो, आणि पाहावयाचा आहे तो बदल.

बदल कोणता? जखमेच्या कडा जाड होऊन बाहेरच्या बाजूस उलटतात. तळाशी फुलकोबीसारखे खडबडीत मांस वाढते. धक्का लागताच रक्त येते. पूर्वी नसलेली दुर्गंधी सुटते. जी जखम दुखत नव्हती ती दुखू लागते. पण कधी कधी काहीच दुखत नाही, आणि यानेच फसगत होते. दुखत नाही म्हणजे भय नाही, हा समज कर्करोगाच्या बाबतीत साफ चुकीचा आहे. पायाच्या रोगात जांघेत आणि हाताच्या रोगात काखेत घट्ट गाठ लागू लागली तर रोग पुढे सरकल्याची शंका घ्यावी व एक दिवसही दवडू नये.

साध्या नव्या जखमेविषयी नियम असा धरावा की, तीन ते चार आठवड्यांत जी भरली नाही ती डॉक्टरांस दाखवावी, मग ती कितीही लहान असो. मधुमेह असल्यास इतकेही थांबू नये. जुन्या जखमेने रूप पालटले असेल तर त्याच आठवड्यात जावे.

वणातील कर्करोग वेळीच कळला तर तो भाग सभोवतालच्या निरोगी कातडीच्या काही कडेसह काढून तेथे मांडीची कातडी लावता येते. रोगी पुन्हा शेतात जातो. उशीर झाला, रोग हाडास भिडला, तर पाय कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि गाठींतून तो पुढे पसरला तर पाय देऊनही जीव वाचेलच असे सांगता येत नाही. वणातील कर्करोग साध्या त्वचेच्या कर्करोगापेक्षा अधिक लवकर पसरतो, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

उशीर कशाने होतो हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. बिब्बा लावण्यात एक महिना जातो, आणि बिब्ब्याने कातडी पोळून मूळची जखम कोणती हेच ओळखेनासे होते. जनावराच्या खुराला लावावयाचे मोरचूद काही जण स्वतःच्या जखमेस लावतात. कोठे तापल्या लोखंडाचा डाग देतात, म्हणजे एका वणावर दुसरा वण. घरगुती हळदीने फारसे बिघडत नसेल. पण हळदीच्या आशेने जो काळ जातो तो परत येत नाही.

कमरेचा पट्टा

मुंबईस परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या लक्षात आले की, काही पुरुषांच्या कमरेवर, नेमके धोतर आवळले जाते त्या रेषेवर, त्वचेचा कर्करोग दिसतो. लोकांच्या रूढी आणि कर्करोग यांचा संबंध दाखविणारा त्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला आणि वैद्यकाच्या ग्रंथांत ‘धोतराचा कर्करोग’ हे नाव रूढ झाले. काश्मीरमध्ये थंडीत अंगाशी धरण्याच्या कांगडीच्या उष्णतेने पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग त्यापूर्वीच नोंदला गेला होता. धोतराच्या बाबतीत उष्णता नव्हे, तर काच हे कारण आहे. एकाच जागी वर्षानुवर्षे आवळलेली गाठ, तीत मुरलेला घाम, त्यावर बसलेली धूळ, यांनी कातडी प्रथम काळवंडते, खरखरीत होते व तिचे कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. पुढे तिचा रंग जाऊन फिकट चट्टे दिसतात. मग भेग पडते. भेग भरत नाही. कारण दुसऱ्या दिवशी गाठ पुन्हा तेथेच बसते.

धोतर नेसणारे आता कमी झाले, पण नाडी गेलेली नाही. पायजम्याची नाडी, लंगोटीची दोरी, घट्ट करदोटा यांनीही कमर काचतेच. लुगडे व परकर नेसणाऱ्या स्त्रियांतही हाच रोग आढळतो. वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी २०२४ साली परकराच्या नाडीच्या जागी झालेल्या अशा कर्करोगाच्या दोन स्त्री-रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तेव्हा पुरुषाने आपली कमर पाहावी आणि घरातील म्हातारीलाही तिची कमर पाहावयास सांगावे.

येथे उपाय सोपा आहे व तो फुकट आहे. गाठ रोज एकाच जागी मारू नये. दोरीऐवजी रुंद पट्टी वापरावी. शेतातून आल्यावर कमर धुऊन कोरडी करावी आणि रात्री नाडी सैल सोडावी. कातडी फुटली असेल तर ती भरेपर्यंत तेथे काही आवळू नये, जसे आलेल्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. काच काढूनही महिन्याभरात भेग भरली नाही तर डॉक्टरांकडे जावे.

तळव्यावरील काळा डाग

रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींपासून होणारा कर्करोग सर्वांत घातक. सावळ्या वर्णाच्या लोकांत तो क्वचित होतो. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळव्यावर, टाचेवर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. अनवाणी चालणाऱ्यास तेथे डाग दिसला की त्याची तीन कारणे तयार असतात : काटा मोडला असेल, कुरूप असेल, किंवा ठेच लागून रक्त साकळले असेल. बहुतेक वेळा ते खरेही असते. म्हणून डागाचा स्वभाव पाहावा. साकळलेले रक्त काही आठवड्यांत विरते. नखाखालचे रक्त नखाबरोबर पुढे सरकत जाते व नख कापताना निघून जाते. जो डाग विरत नाही, पुढे सरकत नाही, उलट पसरतो, त्याचा संशय धरावा. कडा वेड्यावाकड्या, रंग एके ठिकाणी काळा तर दुसरीकडे तपकिरी किंवा निळसर, आकार तुरीच्या दाण्याहून मोठा, आणि महिन्यामहिन्याला वाढ, अशा डागास कुरूप म्हणून पात्याने तासू नये. नखातील काळी रेघ रुंदावत जाऊन नखाच्या बुडाच्या कातडीवर उतरली तर तीही तशीच संशयास्पद. क्वचित हा रोग काळा नसतोच. तांबूस, रक्त येणारा मांसाचा कोंब एवढेच त्याचे रूप असते.

सावळ्या माणसाच्या तळव्यावर अनेक बारीक सपाट तपकिरी ठिपके आणि बऱ्याच नखांत फिकट रेघा जन्मभर असू शकतात. त्या निरुपद्रवी होत. दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले म्हणजे नेहमीचे कोणते व नवे कोणते हे कळते. पावसाळ्यातील चिखल्या व उन्हाळ्यातील भेगा यांचाही या रोगाशी संबंध नाही.

गावात चामखीळ किंवा तीळ काढण्यासाठी घोड्याचा केस बांधतात अथवा वस्तऱ्याने तो छाटतात. यात दुहेरी नुकसान आहे. रोग मुळाशी राहतो आणि छाटलेला तुकडा उकिरड्यावर जातो. जो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता तर रोगाचे नाव त्याच आठवड्यात कळले असते.

पाहणी कशी करावी

अनेक गावांत अमावास्येला औत धरीत नाहीत. महिन्यातील तो दिवस यासाठी नेमून टाकावा, म्हणजे विसर पडणार नाही. आंघोळीच्या वेळी पाय दगडाने घासून चिखल पूर्ण काढावा आणि अंगणात उजेडात बसावे. तळवे, बोटांच्या फटी, नखे, घोटे, पोटऱ्या, गुडघ्यामागचा भाग, जांघा, कमर असे खालून वर यावे. तळवा वळवून पाहणे जमत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरावा. पाठ व मानेचा मागचा भाग घरच्या माणसाने पाहावा. नातवाची नजर आजोबांच्या नजरेहून तीक्ष्ण असते. जुने वण बोटांनी चाचपावेत. टोपीखालचे टक्कल व कानांच्या पाळ्या विसरू नयेत.

दोन जागांचा उल्लेख संकोचाने टाळला जातो व तो टाळता कामा नये. पहिली, पुरुषेंद्रिय. पुढील कातडी मागे घेऊन आतला भाग रोज धुवावा व व्रण, गाठ अथवा पांढरट चट्टा आहे काय हे पाहावे. कातडी मागे सरकत नसेल तर तेच डॉक्टरांस दाखविण्याचे कारण समजावे, कारण आत लपलेला व्रण दिसत नाही. हा रोग शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळतो, आणि लाजेपायी माणसे इतकी उशिरा येतात की इंद्रिय वाचविणे अशक्य होते. दुसरी जागा तोंडाची. आरसा हातात आहेच, तर ओठ उलटून, तंबाखूची गोळी जेथे ठेवतात ती खाच, गालांच्या आतली बाजू व जिभेच्या कडा पाहून घ्याव्यात. महाराष्ट्रातील पुरुषांत त्वचेच्या कर्करोगाच्या मानाने तोंडाचा कर्करोग कितीतरी पटींनी अधिक आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्याने ‘कर्करोग’ हा शब्द प्रथमच उच्चारू नये. त्याने माणूस दार लावून घेतो. जखम किती दिवसांची हे मात्र नेमके विचारावे. दिवस मोजण्याची शेतकऱ्याची रीत निराळी असते, तिचाच उपयोग करावा.

“आबा, पायाची ही जखम कधीची?”

“असंल चार-आठ दिसाची.”

“पोळ्याला होती का?”

“पोळ्याला? होती की. बैल धुताना झोंबत होती.”

“आणि आता दिवाळी आली, आबा. उद्या माझ्याबरोबर आरोग्य केंद्रात चला.”

चार-आठ दिवसांची जखम अशा रीतीने निदान दोन महिन्यांची ठरते.

म्हाताऱ्या माणसाच्या मनात दोन भीती असतात. तुकडा काढला की गाठ चवताळते व पसरते, ही पहिली. ती निराधार आहे. तपासणीसाठी जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा ती जागा बधिर करून घेतात. त्याने त्वचेचा कर्करोग पसरत नाही, आणि त्यावाचून रोगाचे निदान पक्के होत नाही. दुसरी भीती पैशाची. मुलांनी आपल्यापायी जमीन गहाण टाकू नये म्हणून कित्येक जण जखम झाकून ठेवतात. त्यांस सांगावे की, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व इतर उपचार अंतर्भूत आहेत, आणि योजनेत समाविष्ट रुग्णालयांत मार्गदर्शनासाठी आरोग्यमित्र असतो. जाताना शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर न्यावे. सुरुवात मात्र जवळच्या उपकेंद्रापासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी; तेथून उपजिल्हा अथवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

अशा कामाचा उपयोग होतो काय, ही शंका रास्त आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गावोगाव हिंडून रोग्यांची नोंद करीत आणि त्याचबरोबर लोकांस लक्षणे समजावून सांगून तपासणीस येण्यास प्रवृत्त करीत. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या, असे तेथील अभ्यासकांनी १९९५ साली प्रसिद्ध केले. तो रोग निराळा, पण गावे हीच आणि संकोचही हाच. तरी सरसकट सर्वांचे अंग तपासण्याची शिबिरे भरवावीत असा याचा अर्थ नाही. रोग विरळ असल्याने त्यात श्रमच अधिक होतील. गावात भाजल्याचे मोठे वण, जुन्या वाहत्या जखमा, बधिर तळवे असलेली माणसे किती, याची यादी कार्यकर्त्यास एका आठवड्यात करता येते. त्या यादीतील माणसांकडे तीन महिन्यांतून एकदा जावे.

यादीच्या वहीत तीन रकाने अवश्य ठेवावेत : जखम प्रथम पाहिल्याचा दिवस, दवाखान्यात पाठविल्याचा दिवस, आणि तुकड्याचा अहवाल हाती आल्याचा दिवस. तिसरा रकाना पुष्कळदा कोरा राहतो. तुकडा दिला, टाके निघाले, जखम थोडी सुकली की रोगी पेरणीच्या गडबडीत पुन्हा रुग्णालयात जातच नाही आणि अहवाल तेथेच पडून राहतो. अशा वेळी कार्यकर्त्याने स्वतः जाऊन तो अहवाल आणण्याची व्यवस्था करावी. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची नावे वहीतून खोडू नयेत. पहिली दोन वर्षे त्यांनी डॉक्टरांनी नेमून दिलेल्या तारखांस जाऊन वण व जांघेतील गाठी तपासून घेतल्या किंवा नाही, हे त्याच पानावर लिहीत जावे.